मामी, झोप ना!

भाच्यानं मला मोबाइलवरचा बीजीएमआय हा गेम खेळायला लावला, आणि पहिल्या वेळी मी त्यातल्या पोचिंकी नावाच्या गावात उडी मारली. कुणी सांगितलं नव्हतं, नकाशाच्या मधोमध घरांचा मोठा पुंजका दिसला, म्हटलं ही इथली बर्डी दिसते, आमच्या नागपूरच्या बाजारासारखं सगळं एकाच ठिकाणी मिळत असेल. मिळतंही. पण दिवाळीच्या आधीच्या रविवारी सीताबर्डीच्या मेन रोडवर जसं पाय ठेवायला जागा नसते तसं वरचं आभाळच पॅराशूटनी भरलेलं, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला तेच पाहिजे होतं जे मला पाहिजे होतं. मी एका घरात शिरले, जमिनीवर लोखंडी तवा पडलेला दिसला, तो उचलला. हाताची सवय, दुसरं काय. बंदूक बाजूच्या खोलीत होती हे नंतर कळलं, कारण ज्यानं ती उचलली त्यानंच मला मारलं.

मागून भाचा ओरडून राहिला होता, "मामी, झोप ना! झोप, झोप!" मी म्हटलं आता दुपारची कुठं झोपू बाप्पा, चारला कणिक भिजवायची आहे. तो कपाळावर हात मारून हसत सुटला. झोप म्हणजे गेममधलं झोपणं, जमिनीवर पालथं पडायचं एक बटन असतं ते. मला ते बटन कुठं आहे तेच माहीत नव्हतं. शंभर खेळाडूंत माझा नंबर आला ९४वा. म्हटलं म्हणजे सहा जण माझ्यापेक्षाही ढ निघाले? तो म्हणाला, त्यातल्या दोघा-तिघांचं नेट गेलं असेल.

तर सांगायचं म्हणजे माझे डब्बे आहेत. मानेवाड्याकडे राहते, चौतीस डब्बे सकाळी जातात, बावीस संध्याकाळी, आणि मधे दोन ते साडेतीन हा जो काळ आहे तो उन्हाळ्यात नागपुरात कुणाच्याच कामाचा नसतो. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पडदे ओढलेले, कूलर घुर्र घुर्र करून राहिलेला, वाळ्याचा ओला वास, आणि माणूस नुसता पडून. नणंदेचा मुलगा वणीहून आमच्याकडे राहायला होता, क्लाससाठी दोन वर्षं, परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता. त्या दिवसांत पोट्ट्याला काही सुचत नव्हतं. जेवत नव्हता नीट. मी म्हटलं तू जे दिवसभर फोनवर करतोस ते मला पण दाखव. खरं सांगते, मला गेममध्ये रस नव्हता, तो खोलीतून बाहेर यावा एवढंच होतं. मग तो बाहेर आला आणि मी आत अडकले.

गेम तोच, बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. आधी पबजी मोबाइल होता, सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं शंभरावर अ‍ॅप एकदम बंद केली त्यात तोही गेला, भाचा सांगतो त्या दिवशी वर्गातली सगळी पोरं आपापल्या घरी सुतक असल्यासारखी बसली होती. मग २०२१च्या जुलैत क्राफ्टन या कोरियन कंपनीनं भारतासाठी म्हणून वेगळं नाव देऊन आणला, २०२२च्या जुलैत तो पण स्टोअरवरून गायब झाला, २०२३च्या मे महिन्यात परत आला. मूळ कल्पना ब्रेंडन ग्रीन नावाच्या एका आयरिश माणसाची. ज्या बेटावर आम्ही मरत असतो त्याचं नाव एरँगल, आणि ते त्यानं आपल्या लेकीच्या नावावरून ठेवलं. हे कळल्यावर मला तो माणूस जरा जवळचा वाटायला लागला, लेकीचं नाव घराला देतात, डब्ब्याच्या धंद्याला देतात, यानं आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचं आख्खं बेट दिलं.

नियम दोन मिनिटांत कळतो. विमानातून शंभर जण उतरतात, हातात काही नसतं, घराघरांतून जे सापडेल ते घ्यायचं, आणि जो शेवटी उरला तो जिंकला. सगळे म्हणतात हा मारामारीचा गेम आहे. मी पण तेच समजून आठ-दहा दिवस मार खाल्ला. मग एक दिवस भाच्यानं मला जे सांगितलं ते मी शाळेतल्या पोरीसारखं किराण्याच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे: मामी, मारायला नको जाऊ, फक्त पहिली दहा मिनिटं मरू नको. बास. पन्नास लोक तर एकमेकांनाच संपवतात.

आणि खरंच संपवतात. वरच्या कोपऱ्यात किती जण जिवंत आहेत तो आकडा दिसतो, मी जेव्हा पहिल्यांदा नकाशाच्या कडेला चार घरं होती तिथं एकटी उतरले आणि आरामात एकेक खोली बघत फिरले तेव्हा तो आकडा आपला आपण शंभरावरून साठावर आला, माझ्याकडे कुणी बघितलं पण नाही. इतकं बरं वाटलं! लग्नाच्या पंगतीत आपण मागच्या दारानं जाऊन नीट जेवून यावं आणि पुढे नवरदेवाकडचे-नवरीकडचे भांडत असावेत, तसं.

म्हणून पहिलं म्हणजे कुठं उतरायचं. विमानाची रेघ नकाशावर दिसते, सरळ जाते ती. नवशिके करतात काय की रेघेच्या खालीच जे मोठं गाव येईल तिथं धबाधब उड्या मारतात. पोचिंकी, स्कूल, मिलिटरी बेस, ही नावं आली की समजायचं गर्दी. मी आता रेघेपासून लांब जाते, पॅराशूट लवकर उघडून तरंगत तरंगत, दोन-तीन घरं आणि जमलं तर जवळ रस्ता असलेली जागा, कारण रस्त्याला गाडी उभी असते. सामान कमी मिळतं हे खरं. पण एक बंदूक, एक हेल्मेट, एक जॅकेट आणि थोडी मलमपट्टी एवढ्यावर माणूस शेवटच्या दहापर्यंत जाऊ शकतो, मी गेले आहे. आणि गर्दीतच उतरायची वेळ आली तर मान खाली करून सरळ सुळकी मारायची, वेग ताशी २३४ किलोमीटरच्या आसपास जातो तो कोपऱ्यात दिसतो, जो आधी टेकला त्याच्या हातात आधी बंदूक.

दारांचं पण सांगायलाच पाहिजे कारण हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मला कळलं आणि त्याचा मला फार अभिमान आहे. गेम सुरू होतो तेव्हा एरँगलमधली सगळी दारं बंद असतात. म्हणजे उघडं दार दिसलं की कुणीतरी आत येऊन गेलंय, नाहीतर अजून आत आहे. पंचवीस वर्षं झाली भाड्याच्या घरांत राहून, कुणाचं दार किती उघडं आहे त्यावरून आतलं काय चाललंय ते मला न बघता कळतं. भाचा तीन वर्षं खेळून राहिला होता पण आत गेल्यावर मागचं दार ओढून घ्यायची अक्कल नव्हती पोट्ट्याला. मी ओढते. बंद दार बघून लोक पुढे निघून जातात, मी आत न्हाणीघरात बसलेली असते.

आवाज हा निम्मा गेम आहे. सुरुवातीला मी फोनच्या स्पीकरवर खेळायची, त्यात कूलरची घरघर, त्यात कुकरची शिट्टी, काय ऐकू येणार कप्पाळ. मग इअरफोन लावले तेव्हा कळलं की डाव्या कानात कुणीतरी लाकडी जिन्यावरून चढून राहिलंय. अंगावर काटा आला माझ्या, खरंच आला, मी फोन खाली टाकला. मोबाइलमध्ये छोट्या नकाशावर पावलांची खूण पण उमटते, गोळी झाडली तर तिचीही उमटते, म्हणजे तुम्ही उगाच पळालात की बाजूच्या घरातल्याला तुम्ही कुठल्या खोलीत आहात ते चित्रासकट कळतं. नवीन माणूस सतत पळत असतो. घरात पण पळतो. त्याला वाटतं थांबलो तर मरू. उलट घराजवळ आलं की वाकून चालायचं, दोन-चार सेकंद नुसतं उभं राहून ऐकायचं. आणि गोळी दिसेल त्याच्यावर झाडायची नाही! लांब डोंगरावर कुणी मुंगीएवढा पळताना दिसला की नवशिक्याचा हात शिवशिवतो, तो ठो ठो करतो, एक पण लागत नाही, आणि तीन बाजूंच्या लोकांना पत्ता मिळतो. मी हे इतक्या वेळा केलंय की भाच्यानं माझं नाव फटाक्याची लड ठेवलं होतं.

आता वर्तुळ. इथं मला जरा थांबायचं आहे.

दर थोड्या वेळानं नकाशावर एक पांढरं वर्तुळ उमटतं, त्याच्या आत जायचं, बाहेरून निळी भिंत सरकत येते आणि जो त्या निळ्यात सापडला त्याचा जीव हळूहळू कमी होत जातो. सुरुवातीचं निळं फार लागत नाही, चटका बसल्यासारखं, लोक त्यात फिरतात पण. शेवटी शेवटी मात्र चार पावलं पण टाकू देत नाही. आणि पुढचं वर्तुळ नेहमी आधीच्याच आत कुठंतरी येतं, कुठं ते नशीब. शिकणाऱ्यांचं मरण बहुतेक इथं होतं, गोळीनं नाही, आळसानं. आणखी एक घर बघू, आणखी एक घर बघू करत बसतात आणि मग निळं पाठीला लागलं की उघड्या माळावरून जीव घेऊन पळत सुटतात, आणि आत आधीच पोचलेले लोक दगडाआड बसून त्यांची वाटच पाहत असतात.

भाचा मला म्हणायचा, मामी कव्हर टू कव्हर जा. मला ते कव्हर प्रकरण काही डोक्यात शिरेना. मग एका दुपारी, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस सुरू होते, मला गॅसवाल्याकडे जायचंच होतं. तोंडाला ओढणी बांधली, खिशात कांदा ठेवला (हसू नका, माझी आई ठेवायची, मी ठेवते, वरून विज्ञान मला शिकवू नये), आणि निघाले. गेटसमोर निंब आहे. निंबाखाली उभी राहिले आणि पाहिलं पुढची सावली कुठं. पानठेल्याचं छप्पर. मधे चाळीस पावलं ऊन. मग पानठेल्यापासून बंद दुकानाच्या पायऱ्या, तिथून उभ्या ट्रकची बाजू, ट्रकच्या पुढे मोठं उघडं मैदान, ते मी कडेकडेनं भिंत धरून गेले, लांब पडलं पण मधून नाही गेले. आणि ट्रकच्या सावलीत उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला की अगं, हेच तर तो पोट्टा सांगून राहिला. नागपूरच्या माणसाला उन्हात चालायला शिकवावं लागत नाही. पुढची सावली डोळ्यानं धरल्याशिवाय आपण हातातली सावली सोडत नाही. दोन सावल्यांमधलं अंतर आधी नजरेनं मोजतो, तिथं आधीच कुणी म्हैस बसवली आहे का ते पाहतो, मगच पाय टाकतो. आणि भर बाराला तर निघतच नाही, सकाळीच निघून सावलीत पोचून बसतो.

त्या दिवसापासून मी गेममध्ये नकाशाकडे तसं बघायला लागले. झाड, दगड, पडकी भिंत, गाडी. वर्तुळ दिसलं की दोन मिनिटं आधीच निघायचं, मधोमध घुसायच्या फंदात न पडता कडेनं आत सरकायचं म्हणजे निदान पाठीमागून कुणी येत नाही, पाठीमागे निळं असतं. माझा सरासरी नंबर आठवड्याभरात साठावरून विसावर आला. भाच्याला वाटलं मी यूट्यूबवर व्हिडिओ बघते चोरून.

एक पूल आहे, म्हणजे दोन आहेत, मिलिटरी बेसच्या बेटाला जोडणारे. त्यांच्याबद्दल एवढंच सांगते की उशीर झाला असेल तर पुलावरून जायचंच नाही. पलीकडच्या टोकाला माणसं गाडी आडवी लावून बसलेली असतात. होडी बघा, पोहून जा, काही करा. नाहीतर मुळात त्या बेटावर उतरूच नका.

सामानाची हाव हा माझा स्वतःचा रोग होता. इतवारीच्या बाजारात गेले की मला जे लागत नाही ते पण घ्यावंसं वाटतं, स्वस्त मिळालं की झालं. इथंही तेच, पिशवी भरली की "जागा नाही" येतं आणि मी तिथंच उभी राहून काय टाकू काय ठेवू करत बसायची, शेतकऱ्याच्या बुजगावण्यासारखी. मेलेल्या माणसाच्या पेटीसमोर उभं राहून सामान चाळणारा माणूस हा सगळ्यात सोपा मरतो. एकदा तर माझ्याकडे दोनशेच्या वर गोळ्या होत्या ७.६२च्या, आणि हातात एम४१६, तिला लागतात ५.५६च्या. पाच लिटरच्या कुकरला तीन लिटरच्या रिंगा जमवून ठेवाव्या तसं. आता ठरलेलं आहे, एम४१६ मिळाली तर ती, एकेएम मिळाली तर ती, पण ज्या बंदुकीच्या गोळ्या त्याच घ्यायच्या, आणि बाकी जागा मलमपट्टीला आणि धुराच्या बॉम्बला. धुराचा बॉम्ब नवशिके घेतच नाहीत, त्यांना फुटणारेच पाहिजे असतात. पण उघड्यावर सापडलं तर धूर टाकून निदान एक सावली आपली आपण तयार करता येते.

आणि तो तवा. तो अजून घेते. पाठीला लटकतो आणि मागून आलेली गोळी त्याच्यावर लागली तर टणकन आवाज होऊन उडते, खरंच, गेममध्ये तशी सोयच आहे. माझा जीव त्या तव्यानं दोनदा वाचवला आहे.

औषधपाण्याचं गणित मला लवकर जमलं कारण ते स्वयंपाकाच्या वेळेसारखं आहे. जीव शंभरात मोजतात, पट्टी चार सेकंदात त्यातले दहा वाढवते. फर्स्ट एडला सहा सेकंद, आणि ते तुम्हाला पंचाहत्तरपर्यंतच नेतं. मोठी मेडकिट आठ सेकंद घेते आणि पूर्ण शंभर करते. एनर्जी ड्रिंक नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या की पंचाहत्तरच्या वरचं हळूहळू भरत राहतं, उन्हातून आल्यावर पन्हं प्यायल्यासारखं, लगेच नाही पण येतं. चूक सगळे हीच करतात की गोळी लागली, घाबरले, तिथंच उभं राहून पट्टी बांधायला घेतली. चार सेकंद म्हणजे किती ते तापलेल्या तेलासमोर उभं राहून मोजा. आधी आडोसा, मग पट्टी. आणि सोबतचा पडला तर त्याला उचलायला दहा सेकंद लागतात, तो कितीही ओरडून राहिला तरी आधी ज्यानं त्याला पाडलं तो कुठं आहे ते बघायचं. हे मला जमत नाही. भाचा पडला की मी धावत जाते आणि दोघं मरतो. तो चिडायचा, "मामी, मले सोड ना, तू वाच!" असं कसं सोडणार.

त्याच्या टीममध्ये अजून दोन पोरं असायची, एक चंद्रपूरचा, एक इथलाच. चंद्रपूरचा घाईत मला एकदा म्हणाला, "अबे डावीकडे पाह्य, डावीकडे!" आणि मग पूर्ण तीन सेकंद शांतता, आणि मग, "सॉरी मामी." मी म्हटलं चालते रे, आधी गोळ्या दे. पण अनोळखी लोकांबरोबर माइक मी बंदच ठेवते. एकदा चुकून चालू राहिला आणि पलीकडून कुणीतरी, अरे लडकी है, लडकी है, सुरू केलं. मी म्हटलं लडकी नहीं बेटा, चौवालीस साल की काकू हूँ, सामने देखो. एक जण लगेच निघून गेला. दुसरा शेवटपर्यंत राहिला आणि मला आप आप करून राहिला होता, वर विचारलं, काकू आज भाजी कौनसी बनाई. बायांना, पोरींना माझं एवढंच सांगणं आहे की ओळखीची एक टीम धरा, नाहीतर माइक बंद ठेवून खेळा, आवाज ऐकू येणं महत्त्वाचं, बोलणं नाही.

गवताची गोष्ट राहिली. मला बरेच दिवस वाटायचं की मी गवतात पालथी पडले की मी दिसत नाही, कारण मला माझ्या भोवती हिरवं हिरवं दिसायचं. आणि कुठून तरी लांबून कुणीतरी बरोबर डोक्यात गोळी घालायचा. मग कळलं की फोनवर लांबचं गवत दाखवतच नाहीत, फोनला झेपावं म्हणून. म्हणजे माझ्या दृष्टीनं मी गवतात आणि लांबच्या माणसाच्या दृष्टीनं मी उघड्या जमिनीवर पालथी पडलेली एक बाई. हे कळलं तेव्हा मला इतकी लाज वाटली की काय सांगू, इतके दिवस सगळ्यांना दिसून राहिली होती मी. गवत जवळच्यापासून लपवतं, लांबच्यापासून दगड लपवतो.

आणि मी पहिल्यांदा जिंकले तेव्हा, म्हणजे जिंकणाऱ्याला दिसतं ते चिकन डिनर आलं स्क्रीनवर, मी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, भाच्याला पुडाची वडी करून खाऊ घातली. खाऊन झाल्यावर त्यानं हळूच सांगितलं की मामी, खालच्या लेव्हलला बरेच खेळाडू कॉम्प्युटरचे असतात, बॉट. सरळ पळत येतात, थांबून थांबून गोळ्या झाडतात, नेम नसतो. मी म्हटलं वडी खायच्या आधी सांगायचं होतं.

खरा जो डाव मला आठवतो तो मी हरलेला आहे. जूनचा पहिला आठवडा, पाऊस नाही, नुसता उकाडा. मी एकटीच खेळत होते, भाचा बाजूला पडून छताकडे बघत होता, निकाल दुसऱ्या दिवशी होता. गटका नावाच्या गावाच्या बाजूच्या दोन घरांत उतरले, कुणी आलं नाही. एक लेव्हल दोनचं हेल्मेट, एम४१६, चार एनर्जी ड्रिंक, तवा. वर्तुळ माझ्याच बाजूला आलं, असं नशीब महिन्यातून एकदा. मी भिंत, झाड, दगड करत सरकत राहिले. आकाशातून पेटी पडली, लाल धूर निघाला, सगळ्यात भारी बंदूक त्यातच मिळते, मी तिकडे गेले नाही. गेलेल्यांचे आवाज ऐकले. आकडा बावीस, मग पंधरा, मग नऊ. फोन इतका तापला होता की बोटाला चटका बसायचा आणि चित्र अडकत अडकत चालायला लागलं, मी उठून कूलरच्या तोंडासमोर जाऊन बसले तर भाचा ओरडला, "मामी, पाणी जाईन ना आत!" म्हणून परत मागे सरकले. चार राहिले. मी एका मोठ्या दगडामागे. कॅमेरा डोक्याच्या मागे-वर असतो, त्यामुळे दगडाआडून आपण न दिसता पलीकडचं बघता येतं, डोळ्याचं एक छोटं बटन आहे ते फिरवून. दोघं एकमेकांवर झाडून राहिले होते. त्यातला एक गेला.

आणि लाइट गेली.

कूलर बंद पडला, पंखा बंद पडला, वायफाय गेलं. सगळ्या गल्लीत एकदम शांतता झाली, मग एकेका घराचं दार उघडल्याचे आवाज. भाचा टुणकन उठला, माझ्या हातून फोन घेतला, मोबाइल डेटा चालू केला, गोल गोल चक्र फिरत राहिलं, आम्ही दोघं त्याच्याकडे डोळे लावून. घामाचा थेंब त्याच्या हनुवटीवरून स्क्रीनवर पडला, त्यानं बनियननं पुसला. गेम परत आला. माझं ते माणूस तसंच दगडामागे वाकून बसलं होतं. निळं अंगाला लागून राहिलं होतं, जीव निम्म्याच्या खाली, पण जिवंत. आकडा दोन. म्हणजे मी आणि अजून एक.

भाचा माझ्या कानात कुजबुजून राहिला होता जसं काही तो समोरचा ऐकेल. ड्रिंक पी. प्यायले. डावीकडच्या झाडापर्यंत जा. गेले. आता झोप. झोपले. तो कुठं असेल? माहीत नाही. पावलं नाहीत, काही नाही. तो पण माझ्यासारखाच कुठंतरी पडला असणार. आणि मला राहवलं नाही. मला बघायचं होतं तो कसा आहे, कुठं आहे. मी उठून उभी राहिले.

"मामी, झोप ना!"

एक गोळी. दुसरा नंबर.

आम्ही दोघं त्या अंधाऱ्या खोलीत कितीतरी वेळ हसत होतो, तो तर पोट धरून लोळत होता फरशीवर. दीड महिन्यात पहिल्यांदा. मग लाइट यायची वाट न पाहता मी मेणबत्तीवर कणिक भिजवली, त्या दिवशी बावीस डब्बे अर्धा तास उशिरा गेले, एका गिऱ्हाइकानं फोन करून बोलून पण दाखवलं. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. त्याला पाहिजे ते कॉलेज नाही मिळालं, पण मिळालं एक, अकोल्याला.

आता तो हॉस्टेलवर असतो. पंधरा दिवसांतून एखाद्या रात्री नऊ-साडेनऊला मेसेज येतो, मामी येतेस का, एक जागा आहे. परवा आला तेव्हा माझी उद्याची वांगी चिरायची होती. मी लिहिलं दहा मिनिटं थांब. हात पुसून फोन घेतला, विमान निघालं होतं, तिघांनीही नकाशावर खूण पोचिंकीवर लावली होती. मी माझी खूण त्यांच्यापासून लांब, खाली समुद्राकाठी दोन झोपड्या आहेत तिथं लावली. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक एक करून तिघांच्या खुणा माझ्या खुणेजवळ आल्या, आणि चंद्रपूरचा म्हणाला, "चला बे, मामीच्या घरी."